चित्रकाराला भिंत कोण देणार?

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज या लिलावगृहात मकबूल फिदा हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ सालचे चित्र सुमारे एकशे अठरा कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वांत मोठी किंमत होती. बातमी सर्वत्र झळकली. परंतु ती चित्राची बातमी नव्हती, आकड्याची होती. जवळजवळ चौदा फूट लांबीच्या त्या चित्रात हिंदुस्थानच्या खेड्यातील जीवनाची तेरा दृश्ये आहेत. त्यांत दळण दळणाऱ्या बाया आहेत, गाईचे दूध काढणे आहे, गाडीतून चाललेली माणसे आहेत, आपल्या भूमीसह उभा असलेला शेतकरी आहे. ज्या खेडुतांचे हे चित्र, त्यांना ते पाहण्याची संधी मात्र कधीच मिळाली नाही. ते रंगवले त्याच वर्षी एका परदेशी डॉक्टराने विकत घेतले, पुढे ते ओस्लोच्या रुग्णालयाला मिळाले आणि दशकानुदशके तेथेच राहिले. विक्रीचा पैसा नव्या डॉक्टरांच्या शिक्षणासाठी वापरला जाईल असे जाहीर झाले, एवढे एक समाधान. नॉर्वेतील एका सार्वजनिक संस्थेला त्या चित्राचा काही उपयोग झाला. आपल्या देशातील कोणत्याही सार्वजनिक संस्थेला झाला नाही.

अशा बातम्या आल्या की पुरोगामी वर्तुळात दोन ठराविक प्रतिक्रिया उमटतात. पहिली अशी की, हे श्रीमंतांचे चोचले आहेत, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्यांच्याशी काय कर्तव्य? दुसरी अशी की, जे कोणाला समजत नाही त्याला एवढे मोल येतेच कसे? या दोन्ही प्रतिक्रिया वरवर पाहता लढाऊ वाटतात. वस्तुतः त्या शरणागतीच्या प्रतिक्रिया आहेत. कारण त्या हे गृहीत धरतात की, मुंबईची आधुनिक कला ही मुळातच धनिकांची होती आणि ती त्यांच्याकडेच गेली, तेव्हा तक्रार कसली! इतिहास याच्या नेमका उलट आहे. ही कला धनिकांनी निर्माण केली नाही. कष्टकऱ्यांच्या शहरात, त्या शहराच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांनी ती निर्माण केली आणि धनिकांनी ती विकत घेतली. ती त्यांच्या ताब्यात गेली याला त्यांचा पैसा जितका कारण आहे, तितकीच शासनाची कर्तव्यच्युती आणि डाव्या-समाजवादी चळवळीची उदासीनताही कारण आहे. हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

कोण होती ही माणसे?

१९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' या नावाने सहा तरुण एकत्र आले: फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, कृष्णाजी हौलाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द त्यांनी सहज उचललेला नव्हता. १९३६ साली स्थापन झालेल्या प्रगतिशील लेखक संघामुळे त्या शब्दाला देशभर एक निश्चित राजकीय अर्थ प्राप्त झालेला होता, आणि तो अर्थ या तरुणांना हवा होता.

यांच्यापैकी आरा यांचे आयुष्य पाहा. निजामाच्या संस्थानातील सिकंदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणीच घर सोडून मुंबईत आला. परक्या घरी घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्याच्यापाशी नव्हती. हुसेन पंढरपुरात जन्मलेले. मुंबईत ते रस्त्याच्या कडेला, बांबूच्या परांच्यांवर चढून सिनेमाची पोस्टरे रंगवीत आणि पुढे मुलांच्या खेळण्यांचे व फर्निचरचे आराखडे करून पोट भरीत. रझा मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्याच्या जंगलातील एका खेड्यात जन्मले, नागपूरला शिकले आणि मुंबईत एका ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओत नोकरी करीत जे. जे. मध्ये शिकले. गाडे विदर्भातील तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर आणि शिक्षक. सूझा गोव्यातील साळगावचे. वडील तान्हेपणीच वारले आणि आईने मुंबईत शिवणकाम करून मुलाला वाढविले. १९४५ साली राजकीय चळवळीतील सहभागावरून त्यांना सर जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले.

घरगडी, पोस्टर-रंगाऱ्या, शिक्षक, शिवणकाम करणाऱ्या विधवेचा मुलगा! यांत सरदार कोण आणि शेठ कोण? हे लोक ज्या मुंबईत आले, ती गिरण्यांची, गोदीची, कुडांची आणि चाळींची मुंबई होती. त्यांच्यात ख्रिस्ती होते, मुसलमान होते, हिंदू होते. फाळणीच्या रक्तपाताच्या वर्षी त्यांनी एकत्र येऊन मंडळ काढले, ही गोष्टही आज मुद्दाम स्मरली पाहिजे. रझांचे बहुतेक कुटुंबीय पाकिस्तानात गेले. रझा गेले नाहीत. या मंडळाच्या निकट असलेले तय्यब मेहता यांनी त्याच सुमारास महंमद अली रोडवर एका माणसाला जमावाने ठार मारताना आपल्या खिडकीतून पाहिले, आणि कोसळणारे माणसाचे शरीर त्यांच्या चित्रांतून पुढे जन्मभर हलले नाही. जातीय हिंसेवर डझनावारी ठराव झाले असतील. त्या ठरावांपेक्षा ती चित्रे अधिक काळ टिकली.

या तरुणांना पहिला आधार कोणी दिला, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंबईच्या प्रतिष्ठित घराण्यांनी नव्हे. नाझींच्या छळापायी युरोप सोडून मुंबईत आलेल्या तीन निर्वासितांनी दिला: 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, त्याच पत्राचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि औषधांच्या धंद्यातील संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर. फॅसिझमने हाकलून दिलेल्या माणसांनी मुंबईच्या घरगड्याच्या आणि पोस्टर-रंगाऱ्याच्या हातातील सामर्थ्य ओळखले. आंतरराष्ट्रीयत्वाची यापेक्षा वेगळी व्याख्या आपण कार्यकर्त्यांच्या शिबिरात करतो काय?

राहिला 'पॅरिसची नक्कल' हा आरोप. तो करणारे विसरतात की, १९४८ साली हुसेन आणि सूझा दिल्लीला गेले ते तेथे भरलेल्या भारतीय कलेच्या प्रचंड प्रदर्शनासाठी. मथुरेची शिल्पे आणि पहाडी लघुचित्रे यांनी हुसेन यांच्या रेषेला आणि रंगाला कायमचे वळण लावले. यापूर्वी जी खरी नक्कल चालली होती ती विलायती वास्तववादी अभ्यासचित्रांची, साहेबाच्या दिवाणखान्यासाठी काढलेल्या गोड निसर्गदृश्यांची. ती नक्कल मोडण्याचे काम या मंडळींनी केले. हे बंड होते, आणि ते वसाहतवादी अभिरुचीविरुद्धचे बंड होते.

१९४९: दुरावा

मग हे बंड लोकांपर्यंत का पोहोचले नाही? येथे आपल्याला अधिक कठोरपणे बोलावे लागेल, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

सूझा १९४७ साली कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. गोव्यातील शेतमजूर आणि मुंबईतील दरिद्री माणसे हे त्यांच्या त्या काळातील चित्रांचे विषय होते. परंतु चित्र कसे काढावे हे पक्षाने सांगावे, हे त्यांना मान्य झाले नाही आणि त्यांनी पक्ष सोडला. जुलै १९४९ मध्ये मुल्कराज आनंद यांच्या हस्ते ग्रुपच्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या पुस्तिकेत सूझा यांनी जाहीर केले की, कलावंत आणि जनता यांच्यामधील दरी बुजविण्याची आमची मूळ कल्पना आम्ही सोडून दिली आहे. ही दरी बुजण्यासारखी नाही आणि यापुढे आम्ही संपूर्ण स्वातंत्र्याने चित्रे काढू.

या निवेदनाकडे आधुनिक कलेचे अभ्यासक मुक्तीची सनद म्हणून पाहतात. आम्हाला ती पराभवाची नोंद वाटते. दोन वर्षांत एवढी मोठी दरी 'न बुजणारी' ठरवून टाकणे हा अधीरपणा होता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, दिवसाचे दहा तास मागावर उभे राहिलेल्या माणसाला नवे चित्र पहिल्याच दृष्टिक्षेपात उमगले नाही, म्हणून त्या माणसालाच दोषी धरण्याचा अधिकार चित्रकाराला नाही. सूझा यांचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. त्यांच्या निष्कर्षाला मात्र आमचा विरोध आहे.

परंतु जनतेच्या नावाने बोलणाऱ्या पक्षांची जबाबदारी याहून मोठी होती. त्यांनी कलावंतापुढे ठेवलेला पर्याय कोणता होता? मूठ आवळलेला कामगार काढा, उगवता सूर्य काढा, झेंडा काढा. जो हे करील तो आपला, जो करणार नाही तो बूर्झ्वा. या संकुचितपणाने कलावंत तर गमावलेच. पण जे आपले होते त्यांनाही सांभाळले नाही. चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावोगाव पायी हिंडून त्यांनी रेखाटलेल्या चित्रांची 'हंग्री बेंगाल' ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळली. १९४६ साली हा माणूस मुंबईला येऊन अंधेरीला राहिला. कामगार, नाविकांचे बंड, राबणारी मुले हे त्याच्या लाकडावरच्या आणि लिनोलियमवरच्या ठशांचे विषय. चाळीस-पन्नासच्या दशकांत मुंबईत लोकांसाठीच चित्रे काढणारा यापेक्षा समर्थ हात नव्हता. पक्षाची भूमिका बदलली तसा तो पक्षापासून दूर झाला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे अंधेरीच्या त्या लहानशा घरात हलाखीत आणि एकाकीपणात काम करीत राहिला. १९७८ साली कलकत्त्यात त्याचा अंत झाला. दरी बुजवता येत नाही असे म्हणणारा सूझा लंडनला गेला, आणि दरी बुजविण्यासाठी उभे आयुष्य घालविणारा चित्तप्रसाद अंधेरीत विस्मृत झाला. म्हणजे प्रश्न 'स्वतंत्र' कलावंताचा की 'बांधील' कलावंताचा, असा नव्हताच. चळवळीच्या घरात चित्रकारासाठी जागाच नव्हती.

येथे कोणी विचारील की, याच काळात चळवळीने कला जोपासली नाही काय? अवश्य जोपासली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगावच्या चावड्या आणि मैदाने गाजविली. लालबाग-परळच्या कामगाराने अण्णाभाऊंचा तमाशा हजारोंच्या संख्येने पाहिला आणि त्या तमाशाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला बळ दिले. यातून एक गोष्ट सिद्ध होते. जिथे चळवळीने जागा उपलब्ध करून दिली, तिथे कला आणि जनता यांच्यातील दरी आपोआप बुजली. शाहिराला चळवळीने मैदान दिले. चित्रकाराला भिंत दिली नाही. युनियनच्या कचेरीत, कामगार कल्याण केंद्रात, पतपेढीच्या दिवाणखान्यात नेत्यांच्या तसबिरी लागल्या. एका जिवंत चित्रकाराचे एक चित्र लागले नाही. मग त्या चित्रकाराने कुलाब्याचा रस्ता धरला, यात नवल ते कसले?

सूझा १९४९ साली लंडनला, रझा १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला, बाकरे १९५१ साली लंडनला गेले. सहांपैकी तिघे दोन-तीन वर्षांत देशाबाहेर गेले आणि १९५६ पर्यंत ग्रुप संपला. त्या ग्रुपबरोबर १९५३ च्या प्रदर्शनात आपली चित्रे मांडणारी कोल्हापूरची एकच तरुणी होती, भानू राजोपाध्ये. तिने पुढे वेषभूषेचा व्यवसाय पत्करला आणि भानू अथैया या नावाने १९८३ साली 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर मिळविले. त्या यशाचा आनंदच आहे. परंतु स्त्री-चित्रकाराला केवळ चित्रांवर या शहरात जगता आले असते काय, या प्रश्नाचे उत्तर त्या आनंदाखाली दडलेले आहे.

शासनाची देणगी

स्वतंत्र देशाच्या शासनाने या काळात काय केले? १९५२ साली काळा घोडा येथे जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली, ती सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी तिचे उद्घाटन केले. म्हणजे दान धनिकाचे आणि फीत सरकारची. दोनच वर्षांनी, १९५४ साली, त्याच गॅलरीत अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनात पोलीस आले आणि प्रेमिकांची दोन चित्रे उतरविण्यास सांगू लागले. पदमसी यांनी नकार दिला, तेव्हा अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तरीही मोरारजी देसाई यांच्या सरकारने उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि तेथेही ते हरले. त्याआधी सूझा यांच्या घराचीही अश्लीलतेच्या संशयावरून झडती झाली होती. आपल्या लोकशाही शासनाला चित्रकारांचे पत्ते ठाऊक होते, पण ते पोलीस ठाण्याच्या वहीत.

दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय १९५४ साली सुरू झाले. ज्या शहरात आधुनिक कलेचे एवढे मोठे आंदोलन घडले, त्या मुंबईला त्याची शाखा मिळायला १९९६ साल उजाडले. बेचाळीस वर्षे! या बेचाळीस वर्षांत चित्रे बाहेर गेली, घरांत गेली, तिजोऱ्यांत गेली. सार्वजनिक भिंत नसली की खाजगी भिंत तयारच असते.

सार्वजनिक पैशाने काय होऊ शकते याची उदाहरणे नव्हती असेही नाही. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीच्या खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्याची प्रथा घातली, आणि त्यातून हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आणि त्या पिढीतील बहुतेक सर्व महत्त्वाच्या चित्रकारांचा संग्रह उभा राहिला. एअर इंडिया सार्वजनिक मालकीची असताना तिने दशकानुदशके चित्रे विकत घेतली. हे सारे जनतेच्या पैशाने झाले. पण भाभांचा संग्रह पहाऱ्याच्या फाटकाआड आहे, तो सामान्य मुंबईकराला सहज पाहता येत नाही. एअर इंडिया २०२२ साली खाजगी हाती गेली. तिचा संग्रह मात्र शासनाकडे राहिला. तो मुंबईतच उभा राहिला होता, तेव्हा तो मुंबईकरांपुढे कायमचा खुला व्हावा, ही मागणी करणारा एकही मोर्चा निघाला नाही.

लिलावाचा न्याय

१९९१ नंतर बाजाराला मोकळे रान मिळाले. २००२ साली तय्यब मेहता यांचे 'सेलिब्रेशन' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेले, तेव्हापासून चित्र हे समभागासारखे झाले आहे: विकत घ्यायचे, गुदामात ठेवायचे, भाव चढला की विकायचे. मेहता तेव्हा हयात होते. अशा पुनर्विक्रीत चित्रकाराचा वाटा किती? भारतीय प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३अ हे कलम आले. त्यानुसार दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना जास्तीत जास्त दहा टक्के वाटा मिळू शकतो. कायदा आहे, व्यवहारात मात्र ते कलम निपचित पडले आहे. ज्या देशात किमान वेतनाचा कायदा कागदावर राहतो, तेथे चित्रकाराच्या वाट्याचा कायदा कागदावर राहिला, याचे आश्चर्य नको. पण मग चित्रकार आणि कंत्राटी कामगार यांचा प्रश्न एकच आहे, हे तरी आपण ओळखावे. दोघांच्याही श्रमाच्या मूल्यावर तिसराच माणूस श्रीमंत होतो.

आणि हा बाजार संकटात कलावंताच्या पाठीशी उभा राहतो काय? हुसेन यांची कहाणी याचे उत्तर देते. १९९६ पासून हिंदुत्ववाद्यांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. घरावर हल्ला झाला, चित्रे फाडली गेली, ठिकठिकाणी खटले घातले गेले. २००६ साली नव्वदी ओलांडलेल्या त्या चित्रकाराला देश सोडावा लागला. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचे खटले रद्द केले. पण त्याच वर्षी दिल्लीत भरलेल्या कलाबाजाराच्या मोठ्या मेळाव्यात हुसेन यांचे एकही चित्र लावले गेले नाही. भीतीपोटी! ज्यांच्या नावावर बाजाराने कोट्यवधी मिळविले, त्यांच्यासाठी बाजाराला एक खिळा ठोकण्याचे धाडस झाले नाही. निषेध म्हणून हुसेन यांच्या चित्रांच्या प्रतिमांचे प्रदर्शन भरविले ते 'सहमत' या कलावंतांच्या संघटनेने, आणि त्या प्रदर्शनाची नासधूसही तिनेच सोसली. २०१० मध्ये हुसेन यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये लंडनला ते वारले. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला मायभूमीची माती मिळाली नाही. आणि चौदा वर्षांनी त्यांच्या चित्राला एकशे अठरा कोटी आले, तेव्हा तीच माणसे 'भारताचा गौरव' म्हणून टाळ्या वाजवू लागली.

लोहियांनी काय सांगितले होते

समाजवादी कार्यकर्त्याने या बाबतीत परक्यांकडे पाहण्याची गरज नाही. हुसेन यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे की, डॉ. राममनोहर लोहियांनी त्यांना विचारले होते, हे टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांत काय अडकून पडला आहात? रामायण रंगवा, देशातल्या माणसांची ती कथा आहे. १९६७ साली लोहिया गेले. त्यांच्या स्मरणार्थ हुसेन यांनी हैदराबादचे समाजवादी कार्यकर्ते आणि 'कल्पना' मासिकाचे चालक बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे राहून रामायणावर सुमारे दीडशे चित्रे काढली. ती बैलगाडीतून आसपासच्या खेड्यांत नेली, गावकऱ्यांपुढे मांडली. हुसेन सांगत की, कोणीही 'याचे डोळे कुठे आहेत, हा राम कशावरून?' असे विचारले नाही.

दरी बुजणारी नाही, या १९४९ च्या घोषणेला ग्रुपच्याच एका सभासदाने दिलेले हे उत्तर आहे. ते देण्यासाठी लागले काय? एक राजकीय नेता, ज्याला चित्रात रस होता आणि जो चित्रकाराला हुकूम न देता आव्हान देत होता. एक कार्यकर्ता, ज्याने घर आणि भिंती दिल्या. आणि एक बैलगाडी. लोहियांनी रेषा कशी काढावी हे सांगितले नाही, ती कोणापुढे न्यावी हे सांगितले. पक्ष आणि कलावंत यांच्यातील नात्याचा याहून निकोप नमुना आमच्या पाहण्यात नाही. आणि ज्याने रामायण खेड्यात नेले, त्यालाच रामाच्या नावाने देशाबाहेर घालविले गेले, हा या कथेतील सर्वांत कडू भाग आहे.

'आधी भाकरी, मग चित्र' असे म्हणणारे मित्र आहेत. त्यांना आमचे उत्तर असे की, भाकरी आणि चित्र यांची अशी रांग लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? वारकऱ्याने अभंगासाठी भाकरीची वाट पाहिली नाही. कामगाराने तमाशासाठी बोनसची वाट पाहिली नाही. वारली पाड्यावरच्या बाईने पोटभर अन्न नसतानाही कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला. गरिबाला सौंदर्याची भूक नसते, हा सिद्धांत गरिबाचा नाही. त्याला फक्त पोट आहे असे मानणाऱ्या मालकाचा आहे. तो आपल्या तोंडी शोभत नाही.

काय करायचे?

केवळ हळहळ व्यक्त करून हे स्फुट संपविणे योग्य होणार नाही. पक्षाने पुढील मागण्या आपल्या कार्यक्रमात घ्याव्यात.

पहिली मागणी: शासन, महानगरपालिका आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या प्रत्येक नव्या इमारतीच्या खर्चाचा एक टक्का कलाकृतींसाठी राखून ठेवण्याचे बंधन कायद्याने घालावे, आणि त्या कलाकृती लोकांच्या वावराच्या जागी लावाव्यात: रुग्णालयात, एस. टी. च्या स्थानकात, तहसील कचेरीत. भाभांना जे एका संस्थेत करता आले, ते राज्याला का करता येऊ नये?

दुसरी: कलम ५३अ ची अंमलबजावणी. लिलावगृहांना पुनर्विक्रीची माहिती उघड करणे भाग पाडावे आणि चित्रकारांचा वाटा वसूल करून देणारी यंत्रणा उभारावी. भारतातील लिलावांपुरते तरी हे तात्काळ शक्य आहे.

तिसरी: सार्वजनिक पैशाने उभे राहिलेले सर्व संग्रह सर्वांसाठी खुले करावेत आणि त्यांतील चित्रे फिरत्या प्रदर्शनांतून जिल्ह्याच्या गावांपर्यंत न्यावीत. आधुनिक चित्राची ओळख दक्षिण मुंबईच्या काही फर्लांगांत संपता कामा नये.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची: शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी निदेशक लागेल असे म्हटले, पण त्यामागे 'अंशकालीन' हा शब्द जोडून ठेवला. अर्धा शिक्षक, अर्धा पगार, अर्धी कला! एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना दरवर्षी खेड्यापाड्यांतून बसणाऱ्या मुलामुलींत उद्याचे आरा आणि हुसेन असतील. त्यांना पूर्णवेळ शिक्षक मिळवून देणे हा शिक्षक संघटनांच्या आणि आपल्या लढ्याचा भाग झाला पाहिजे.

या मागण्या शासनाकडे करायच्या आहेत. एक गोष्ट मात्र शासनाची वाट न पाहता करता येईल. प्रत्येक जिल्ह्यात पक्षाची कचेरी आहे, युनियनची कचेरी आहे, सहकारी संस्था आहे, वाचनालय आहे. प्रत्येक ठिकाणी एक भिंत मोकळी करा. त्या भागातील तरुण चित्रकाराला, मग तो कलामहाविद्यालयातला असो की साइनबोर्ड रंगविणारा असो, ती भिंत वर्षातून काही आठवडे द्या. त्याने काय काढावे हे सांगू नका. लोकांना बोलवा, आणि लोकांना काय वाटले ते त्याला ऐकू द्या. न समजले तर लोक तसे म्हणतील, आणि त्या म्हणण्यातूनच दोघांची ओळख सुरू होईल.

मुंबईच्या त्या सहा तरुणांनी १९४७ साली आपल्या मंडळाला 'प्रगतिशील' म्हटले तेव्हा ते आपल्याकडे पाहत होते. आपण त्यांच्याकडे पाहिले नाही. आज त्यांची चित्रे परत विकत घेण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नाही. परंतु आज एखाद्या झोपडपट्टीत, एखाद्या आश्रमशाळेत, एखाद्या पाड्यावर जो हात कोळशाने रेघ ओढत असेल, त्याच्यासाठी भिंत मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे. तो हातही बाजाराच्या स्वाधीन झाला, तर त्या वेळी दोष शेठजींना देता येणार नाही.